जोडीतली एक मरळ

गळाने मासे धरणाऱ्या माणसाला दोन गोष्टी विचारू नयेत. मासा केवढा होता आणि तो तळ्यात नेमका कुठे लागला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर निम्मं खोटं असतं आणि दुसऱ्याचं मिळतच नाही. सख्खा भाऊ भावाला आपली जागा सांगत नाही. "तिकडं, पलीकडच्या अंगाला," एवढं म्हणून हात असा फिरवायचा की त्यात अख्खं तळं यावं. मीही तसाच हात फिरवते. या सवयीमुळे आम्हा लोकांच्या हातून काय होत होतं, ते मात्र भर सभेत उघडं पडेपर्यंत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आम्ही म्हणजे तिघं. मुखेडपासून थोड्या अंतरावर एका गावाचं तळं आहे, तिथे आम्ही गळ घेऊन जातो. पोटासाठी म्हणाल तर नाही, विकायला म्हणाल तर तेही नाही, निव्वळ नाद. एक आमचे मामा, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दुसरे बाजारात शिलाईचं दुकान असलेले टेलर, त्यांना सगळं मुखेड मास्तर म्हणतं. तिसरी मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई. शिकवते मी आणि मास्तर म्हणवून घेतो कापड कापणारा, याचा मला थोडा राग आहे. तसा मला बऱ्याच गोष्टींचा राग येतो. शाळेतली पोरं माझ्या चपलांचा आवाज ओळखतात.

मामा माझ्या नात्यातले नव्हेत. मी चाकूरकडची. नोकरी लागली ती मुखेड तालुक्यात, तेव्हा उदगीरला मावशीकडे राहून रोज एसटीने ये-जा करायचे. मुखेडात खोली बघत होते. घरमालकीण खोली दाखवायची, नळाला पाणी कधी येतं ते सांगायची, मग आडनाव विचारायची. आडनाव सांगितलं की खोली कुणा भाच्याला किंवा पुतण्याला आधीच दिलेली निघायची. आम्ही बौद्ध. मुखेडात एवढे भाचे-पुतणे कुठून आले, याचं मला तेव्हा नवल वाटायचं.

एकदा गाडीत कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "बाई, रोज इतकी दगदग कामून करून राहिलात? मुखेडात खोली न्हाई मिळाली का?"

माझा त्या दिवशी आधीच पारा चढलेला होता. मी सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मिळते की. आडनाव सांगेपर्यंत मिळते."

 कंडक्टर तिकीट माझ्या हातात देऊन पुढच्या सीटकडे सरकले. मला वाटलं, झालं, हेही त्यातलेच. पण मुखेडच्या स्टँडवर मी उतरताना ते दारात उभे होते. म्हणाले, "आमच्या घरची पुढची खोली रिकामी हाय. घरात विचारून उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी सांगितलं, "घरची म्हणली, त्यात विचारायचं काय?"

अशी मी त्यांच्या घरी राहायला गेले आणि ते दोघं माझे मामा-मामी झाले. पहिल्याच आठवड्यात मामीने मला त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी पाट मांडून जेवायला बसवलं. रस्त्यावरचं दार सताड उघडं होतं. मी म्हटलं, मामी, गार वारा येतोय, दार लावू का? त्या म्हणाल्या, "राहू दे. बघायचं त्येला बघू दे." ज्वारीची भाकरी होती, कारळाची चटणी होती आणि मरळीचं झणझणीत कालवण होतं. ती मरळ मामांनी त्याच दिवशी तळ्यावरून आणली होती. त्या घासाचे उपकार माझ्यावर आहेत आणि ते मी कुणालाही सांगते, त्यात मला कमीपणा वाटत नाही.

पुढे माझं लग्न झालं, स्वतःचं घर झालं, पोरगा मोठा झाला. या सगळ्यात मला मामांसाठी काहीतरी करायचं होतं, आणि तिथे मात्र तो माणूस आखडायचा. मामीसाठी साडी आणली तर चालायची. मामांसाठी काही आणलं की ते परत यायचं. निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना घड्याळ दिलं, ते त्यांनी त्याच संध्याकाळी माझ्या पोराच्या हातात बांधलं. मी रुसले, भांडले. "आमाला काय कमी हाय?" एवढंच त्यांचं उत्तर. द्यायला हात मोकळा आणि घ्यायला मूठ बंद, अशा माणसापुढे काय करावं ते मला कधी कळलं नाही.

गळ त्यांनीच माझ्या हातात दिला. नवीन होते, रविवारी खोलीत बसून रडू यायचं. मामा म्हणाले, "चला तळ्यावर. मामी बी येती." माझ्यासारख्या तापट बाईला हे कसं जमलं असं लोक विचारतात. मला वाटतं, पाण्याशी भांडता येत नाही म्हणून जमलं. तिथे बसलं की निदान तेवढा वेळ माझं कुणाशी वाजत नाही.

काही वर्षांपूर्वी मामांच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरले, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. बोटांत नुसती दोरी धरायलाही जोर राहिला नाही. आमच्या तळ्यावर बहुतेक मासेमारी हातदोरीची. दोरीच्या टोकाला शिसं आणि गळ बांधायचा, डोक्याभोवती गरगर फिरवायचा आणि लांब खोल पाण्यात भिरकावायचा. मामांनी डाव्या हाताने करून पाहिलं. शिसं एकदा बाभळीत अडकलं, एकदा मास्तरांच्या टोपीत. मी न राहवून म्हटलं, "मामा, आणा, मी टाकून देते. तुम्ही नुसती धरा."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विनातिकीट पकडले गेले आहे. "दुसऱ्यानं टाकलेल्या गळाला लागला तर मासा दुसऱ्याचा," ते म्हणाले. "मी काय त्येला हात लावू?" त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी धड बोलले नाहीत. मास्तरांनी पण एकदा विचारून पाहिलं, तर त्यांनाही तेच ऐकावं लागलं.

मामांना वाचवलं ते मरळीने. मरळ हा फार वेगळा मासा आहे. पावसाळ्यात ती काठाजवळच्या गवतात अंडी घालते आणि पिलं निघाली की नर-मादी दोघंही त्यांच्याखाली पहारा देत फिरतात. पिलं लालसर असतात, श्वास घ्यायला सगळी मिळून वर येतात, तेव्हा पाण्याला तेवढ्या जागी लाल उकळी फुटल्यासारखं दिसतं. ते दिसलं की काठीच्या टोकाला आखूड दोरी बांधायची, गळाला बारकं बेडूक लावायचं आणि त्या पिलांच्या डोक्यावर नाचवायचं. आई असो की बाप, पिलांवर कोण आलं म्हणून रागाने झेप घेते आणि गळाला लागते. यात काही फेकावं लागत नाही. काठावर बसायचं, डाव्या हाताने काठी पुढे करायची. मामांना ते एका हाताने येत होतं, बेडूकही ते काठी मांडीखाली दाबून लावायचे. म्हणून मामांचं सगळं वर्ष त्या तीन-चार महिन्यांत यायचं. बाकीचे दिवस ते आमच्याबरोबर नुसते बसायचे, चहा प्यायचे, आम्हाला नावं ठेवायचे. मृग निघाला की चेहरा बदलायचा.

आणि नेमका त्याच मासेमारीवर नियम आला.

तळं गावातल्या भोई लोकांच्या मच्छीमार सोसायटीकडे आहे. जाळी त्यांची, मासेही खरं तर त्यांचेच. आम्ही हौशी लोक त्यांच्या भलेपणावर काठी घेऊन बसतो. सोसायटीच्या चेअरमन एक बाई आहेत, आवाज माझ्यापेक्षा चढा, आणि हे मी सहसा कुणाबद्दल मान्य करत नाही. त्यांनी ठरवलं की पावसाळाभर पिलं सांभाळणाऱ्या मरळीवर कुणी गळ टाकायचा नाही. ठरवण्याआधी सभा बोलावली, कुणाची हरकत असेल त्याने येऊन सांगावी म्हणून.

हरकत आमची होती, आणि दणकून होती. बातमी मास्तरांनी आणली. रविवार होता, आम्ही तळ्याच्या बांधावर सुशीला खात बसलो होतो. मुरमुऱ्यांची सुशीला मास्तरांच्या घरून येते आणि ती खाताना वाईट बातमी सांगू नये, पण त्यांनी सांगितली.

"जाळं टाकणारे खंडीनं मासे काढून राहिले," मास्तर म्हणाले, "आणि बंदी आमच्या काठीवर? ये तो हद हो गई."

माझी तर तळपायाची आग मस्तकाला गेली. मरळ कमी झाली हे खरं होतं, तळं मधे एका उन्हाळ्यात आटलं होतं, ते मलाही दिसत होतं. पण मला तेव्हा मामांचा डावा हात दिसत होता आणि बाकी काही बघायचं नव्हतं. हा नियम झाला तर या माणसाने करायचं काय? उरलेलं आयुष्य आमच्या पाठी बघत बसायचं?

मामा मात्र शांत होते. म्हणाले, "नियम कुणाला लागतो? ज्याला रीत न्हाई त्येला. आपल्याला रीत हाय. सभेत मी बोलतो."

ती रीत खरीच होती आणि आम्हाला तिचा अभिमान होता. पिलांवरच्या मरळींची जोडी असते. त्यातली एकच धरायची. दुसरी पिलांसाठी ठेवायची. एक गळाला लागली की काठी उचलायची आणि त्या जागी पुन्हा बसायचं नाही, मग दुसरी कितीही मोठी दिसो. मामांनी मला पहिल्या पावसाळ्यातच हे शिकवलं होतं. मास्तरांना त्यांच्या अब्बांनी. आमच्यापैकी कुणीही ही रीत मोडली नव्हती, आणि हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

सभा गावातल्या समाजमंदिरात भरली. सोसायटीची माणसं एका अंगाला, आम्ही हौशी लोक दुसऱ्या अंगाला. आमच्या बाजूला मुखेडचे, देगलूरकडचे, अगदी बिलोलीहून मोटारसायकलवर आलेलेही होते. कधी एकमेकांना जागा न सांगणारी ही मंडळी त्या दिवशी पहिल्यांदा खांद्याला खांदा लावून बसली होती. एकाने तर येताना घोषणा पण तयार करून आणली होती, ती मी त्याला देऊ दिली नाही.

चेअरमनबाईंनी पदर खोचला आणि सरळ सांगितलं, "कटला-रोहूचं बीज आमाला इकत आणावं लागतंय. मरळ आपली लेकरं आपण वाढवती. ती राहिली तर आमचं घर चालतंय. म्हणून पिलांवरच्या मरळीला गळ न्हाई. आमचं जाळं बी बेशरमाच्या अंगाला पडणार न्हाई. आता तुमचं बोला."

बेशरमाच्या अंगाला, म्हणजे काठाला जिकडे ती झुडपं माजली आहेत आणि मरळ राहते, तिकडे. आपल्या जाळ्यालाही त्यांनी नियम लावला होता. त्यामुळे मास्तरांचा मुद्दा तिथेच गळून पडला. पण मामा उठले.

मामा बोलायला उठले की अजूनही गाडीत उभे असल्यासारखे पाय फाकवून उभे राहतात. उजवा हात शर्टाच्या गुंड्यांमध्ये खोवलेला. ते फार छान बोलले. म्हणाले, आम्ही तळ्याचं नुकसान करणारी माणसं नव्हं. आमच्यात रीत हाय, जोडीतली एक धरायची, एक ठेवायची. ती आमाला कुणी कायद्यानं शिकवली न्हाई. लोक मान हलवत होते. आमच्या बाजूने टाळ्या पडल्या. मी सर्वांत जोरात वाजवल्या.

मग मामांना जोर आला आणि त्यांनी ते केलं जे कुठलाही गळवाला करत नाही. त्यांनी जागा सांगितली.

"गेल्या बुधवारची गोष्ट," ते म्हणाले. "सांडव्याच्या अलीकडं ती वाळकी बाभळ पाण्यात पडली हाय ना, तिथं पिलं व्हती. बेडूक नाचवलं, एक लागली. दुसरी माझ्या डोळ्यासमोर वर आली, ही एवढी. पण मी काठी उचलली, आन् घरला गेलो. हाय का असा नियम पाळणारा तुमच्यात कोण?"

मास्तरांना राहवलं नाही. मामांचं बोलणं पक्कं करावं म्हणून ते उठले. "हाव, मामा बरोबर बोलून राहिले. खुदाची शप्पथ. मी शुक्रवारी दुकान बंद करून गेलतो. त्याच बाभळीपाशी. एकच धरली. मी पण एकच..."

आणि मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं.

 पंखा करकरत होता. मागून एक म्हातारी भोईण हसली, "दोघांनी एकएक खाल्ली म्हणा की."

मला आठवलं, शनिवारी शाळा सुटल्यावर मी तळ्यावरून गेले होते. बाभळीवर बगळ्यांची पंगत बसली होती. पिलांचा लाल पुंजका विस्कटून कडेला आला होता आणि बगळे उतरून टिपत होते. मी बघितलं आणि आज एवढे बगळे कसे, असं म्हणून स्कूटी पुढे नेली होती. आता समोर उभ्या त्या दोघांकडे बघताना मला सगळं कळलं. मामांनी एक धरली, रीत पाळली. मास्तरांनी एक धरली, रीत पाळली. कुठे धरली ते मात्र कुणी कुणाला सांगितलं नाही, कारण आम्ही जागा सांगत नसतो. आमच्या आजूबाजूच्या तोंडांवरही तेच दिसत होतं. बिलोलीवाला देगलूरवाल्याकडे बघत होता. प्रत्येकजण मनात आपापली जागा आणि आपापला वार आठवत होता.

म्हणून मी उठले. मला बोलायचं काय आहे ते माहीत नव्हतं, पण मामांना असं तोंडघशी पडलेलं मला बघवेना. "एका बाभळीवरून सगळ्यांना धरू नका," मी म्हटलं. "आणि ज्यांना दुसऱ्या पद्धतीने मासे धरता येत नाहीत, त्यांचा काही विचार..."

"बस खाली, बाई," मामा म्हणाले.

त्यांनी मला कधी असं म्हटलं नव्हतं. मी बसले.  मामा चेअरमनबाईंकडे वळले. "नियम करा," ते म्हणाले. "आमची हरकत न्हाई. निदान माझी तरी न्हाई."

चेअरमनबाई तोंडाने फटकळ, पण त्यांनी मामांचा हात पाहिलेला होता. दरवर्षी पावसाळ्यात काठावर एका हाताने काठी धरून बसणारा माणूस सगळ्या गावाला ठाऊक होता. त्या म्हणाल्या, "मामा, तुमची गोष्ट येगळी. तुमी एकटे धरत जा. तुमाला कोण अडवतंय? लिहून घेतो आमी तसं." सोसायटीच्या माणसांनीही हो म्हटलं. एकानेही नाक मुरडलं नाही. मी मनात त्या बाईंच्या पाया पडले.

"न्हाई," मामा म्हणाले. "तिकीट सगळ्यांना असतंय." आणि ते खाली बसले.

नियम झाला. आमच्या बाजूचे एकेक करून उठून गेले. काहींनी मामांना तोंडावर सुनावलं की तुम्हीच घात केला. मामांनी ऐकून घेतलं. मी एकाला उलटून बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एसटीच्या थांब्यापर्यंत मी स्कूटी ढकलत त्यांच्याबरोबर चालले. माझा राग आता मामांवर होता. आपल्या माणसावर येतो तसा, सगळ्यात वाईट. "सूट देत होते ना ते?" मी म्हटलं. "घेतली असती तर काय बिघडलं असतं? आता काय करणार? एका हाताने दुसरं काय येतं तुम्हाला?" बोलून गेल्यावर माझीच जीभ मला जड झाली. पण शब्द गेला होता.

मामा चालत राहिले. "बाभळीपाशी काय झालं ते मला दिसलं ना," ते म्हणाले. "दिसल्यावर डोळे कसे झाकू?" मग गाडी आली आणि ते डाव्या हाताने दांडी धरून चढले. कंडक्टर पोरगा होता, त्याने त्यांना ओळखून बसायला जागा दिली. मी तिथेच स्कूटीला टेकून उभी राहिले. ज्या माणसाने गल्लीला न घाबरता मला घरात घेतलं, त्याने दुसरं काय केलं असतं? हे मला माहीत होतं. तरी त्या दिवशी मला ते नको होतं.

त्या पावसाळ्यात मामा पुन्हा तळ्यावर आले नाहीत. मास्तर आणि मी रविवारी जायचो, लांब गळ टाकायचो, बारीकसारीक मासे घेऊन परत यायचो. सुशीला उरायला लागली. आता निदान मास्तर आणि मी एकमेकांना जागा सांगायला लागलो होतो. सुरुवातीला फार जड गेलं. पहिल्यांदा मास्तरांनी मला त्यांची जागा बोट करून दाखवली, तेव्हा त्यांचा चेहरा दात काढून घेतल्यासारखा झाला होता. मरळी वाढल्या का, असं लोक विचारतात. एका पावसाळ्यात काय कळणार? पिलांचे पुंजके दिसले, ते मोठे होऊन सुटे झालेले दिसले, एवढं सांगते.

मी मामांकडे जायचे. ते बोलायचे, चहा घ्यायचे, तळ्याचं नाव काढायचे नाहीत. काठी दाराच्या मागे उभी असायची, ती तिथून कुठे तरी आत गेली. दिवाळी झाल्यावर मामीने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "बाई, घेऊन जा यांना कुटं तरी. दिसभर टीव्हीसंगं भांडून राहिले. बातम्यावाल्याला शिव्या देतेत. रात्री म्हणतेत, आता माझं काय काम हाय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत मी मामीला रडताना पाहिलं नव्हतं.

मी बाहेर येऊन मामांच्या टीव्हीची पिन काढली. "उद्या रविवार आहे," मी म्हटलं. "तुम्ही तळ्यावर येताय."

"कशाला? बघायला?"

"हो, बघायला. आम्हाला नावं ठेवायला कुणी नाही. मास्तर बिघडून चालले आहेत."

बरंच वाजलं. मामी मधे पडल्या, शेजारीण खिडकीत आली. शेवटी मामा म्हणाले, "बरं. पर काठी घेणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या गाडीने आले. ऊन कोवळं होतं, पाणी काठोकाठ आणि एकदम निवळ. मास्तरांनी त्यांना बघितलं आणि डबा पुढे केला. मामा बांधावर बसले, दोन घास खाल्ले, सुशीलेत मीठ जास्त झालंय म्हणाले. मी माझी दोरी टाकली. मास्तरांनी त्यांची टाकली. मामा त्या दोन्ही दोऱ्यांकडे बघत राहिले. तिरक्या नजरेने मला दिसत होतं की त्यांचा डावा हात गुडघ्यावर उघडमीट करतो आहे. मी मुद्दामच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मला पाठ होतं.

बराच वेळ गेला. मग मामांनी हात लांब करून माझी पिशवी ओढली. त्यातून दुसरी दोरी काढली, दातात धरून गाठ सैल केली, शिसं तळहातावर तोलून बघितलं. गळाला वळवळतं गांडूळ मात्र त्यांना एका हाताने लावता येईना. ते तसंच लोंबकळत राहिलं. त्यांनी तो सगळा गुंता एकदम माझ्यासमोर धरला. माझ्याकडे बघितलं नाही, पाण्याकडेच बघत होते.

"टाक," ते म्हणाले.

मास्तर खाता खाता थांबले. मी उठले. गांडूळ लावलं. दोरी डोक्याभोवती फिरवली, घाईने सोडली, आणि शिसं काठाच्या जवळच डुबुक झालं. दुसरं टोक मी मामांच्या डाव्या मुठीत दिलं. त्यांनी ते धरलं. मूठ मिटली.

"हे काय टाकणं झालं?" मामा ओरडले. "पोरं काय शिकत असतील तुझ्याकडं? लई जवळ पडली. काढ. पुन्हा टाक."

माझ्यावर असं ओरडायची छाती अख्ख्या तालुक्यात कुणाची नाही. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले आणि दोरी गुंडाळताना मला पुढचं दिसेना.

"हाव, मामा," मी म्हटलं, आणि पुन्हा टाकली.